पृथ्वीचा जन्मदाखला पृथ्वीवर का सापडत नाही

बडोद्याच्या एका मराठी शिक्षिकेनं विचारलं आहे: "नववीच्या मुलांना पावागडला सहलीला नेतोय. वर्गात मुलांनी विचारलं, पृथ्वी लघुग्रह आदळून आदळून झाली का? पाणीही त्यांनीच आणलं का? आणि तेव्हा बघायला कुणी नव्हतं, तर ४५४ कोटी वर्षं हा आकडा आला कुठून? पावागडावर दाखवून सांगता येईल असं काही आहे का?"

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात. पृथ्वीच्या जन्मातलं पावागडावर दाखवण्याजोगं काहीही नाही. पावागड म्हणजे दख्खनच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर, वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. पृथ्वीच्या आयुष्याचा हा जेमतेम दीड टक्का. पायथ्याशी चांपानेरच्या बाजूला क्वार्टझाइट आणि फिलाइट हे खडक उघडे पडले आहेत, ते खूपच जुने. त्या पट्ट्यात नंतर घुसलेला गोध्र्याचा ग्रॅनाइटच सुमारे ९५ कोटी वर्षांचा आहे, म्हणजे हे दगड त्याच्याही आधीचे. बडोदा शहर मात्र नद्यांच्या गाळावर बसलंय. कमाटीबागेत कितीही खोल खणलंत तरी पृथ्वीचं बालपण हाताला लागायचं नाही.

यात गुजरातचा दोष नाही. जगात कुठेही गेलात तरी तीच गत. कॅनडातला अकास्टा नाइस हा सर्वांत जुन्या खडकांपैकी एक, सुमारे ४०० कोटी वर्षांचा. ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स इथे झिरकॉन या खनिजाचे बारीक कण मिळाले, त्यांतला सर्वांत जुना ४४० कोटी वर्षांचा. आपल्याकडे सिंहभूममध्येही सुमारे ४२४ कोटी वर्षांचा झिरकॉन सापडला आहे. हे कण वाळूच्या दाण्यापेक्षा मोठे नसतात, आणि ते ज्या मूळ खडकात तयार झाले तो केव्हाच नाहीसा झालेला असतो. त्याआधीचं काही नाही. पृथ्वी सुरुवातीला वितळलेली होती. पुढे तिनं आपलं कवच पुन्हा पुन्हा पोटात घेतलं, वितळवलं आणि नव्यानं बाहेर काढलं. पावसानं आणि नद्यांनी उरलेलं झिजवलं.

मग ४५४ कोटी हा आकडा कुठून आला? आकाशातून पडलेल्या दगडांतून. माझी नोकरी या दगडांमधली, म्हणजे अशनींमधली, समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) मोजण्यात गेली, त्यामुळे मी थोडा पक्षपाती असेन, पण लघुग्रहांची सगळ्यात मोठी भूमिका माझ्या मते हीच. ते आदळले वगैरे सगळं खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पृथ्वीनं जे पुसून टाकलं ते त्यांनी जपून ठेवलं. बहुतेक सगळे अशनी लघुग्रहांचेच तुकडे असतात. थोडेसे चंद्राचे आणि मंगळाचे असतात.

आकडा कसा निघाला ते मुलांना जरूर सांगा, नुसतं पाठ करायला लावू नका. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षं, त्यातून शिसं-२०६ बनतं. युरेनियम-२३५ चं सुमारे ७० कोटी वर्षं, त्यातून शिसं-२०७. म्हणजे एकाच दगडात वेगवेगळ्या गतीची दोन घड्याळं चालू असतात. अडचण एवढीच, की मुळात शिसं किती होतं हे कळल्याशिवाय नंतर किती जमलं ते सांगता येत नाही. ही अडचण लोखंडी अशनींनी सोडवली. त्यांच्यात लोह आणि गंधकाचं एक खनिज असतं, त्यात शिसं असतं पण युरेनियम जवळजवळ नसतंच. त्यामुळे सूर्यमाला बनली तेव्हाचं मूळ शिसं त्यात जसंच्या तसं राहिलं. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या विवराजवळ मिळालेला कॅन्यन डायब्लो नावाचा लोखंडी अशनी घेऊन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी हे मोजमाप केलं आणि १९५६ साली ४५५ कोटी वर्षं हा आकडा दिला, चूकभूल सात कोटींची. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती पुस्तकांतून बहुधा गळते. समुद्राच्या तळाच्या गाळातलं, म्हणजे पृथ्वीचं, शिसं त्यांनी अशनींतल्या दोन्ही शिशांची प्रमाणं मांडलेल्या आलेखावर बसवून पाहिलं. ते अशनींच्या रेषेवरच बसलं. पृथ्वी आणि हे दगड एकाच मालातून, साधारण एकाच वेळी बनले, याचा हा पुरावा.

(ओघात सांगतो. मोजताना पॅटरसनना प्रयोगशाळेत जिथे तिथे शिसंच सापडायचं. त्याचा माग काढत ते पेट्रोलमधल्या शिशापर्यंत पोचले आणि पुढे ते बंद व्हावं म्हणून वर्षानुवर्षं भांडले. भारतात शिसंवालं पेट्रोल २००० साली बंद झालं. पृथ्वीचं वय शोधायला निघालेल्या माणसाचा तुमच्या स्कूटरशी असाही संबंध आहे.)

आज त्याहून बारीक मोजता येतं. १९६९ साली मेक्सिकोत आयेंदे इथे पडलेल्या अशनीत आणि त्याच्या जातीच्या दगडांत पांढुरके ठिपके असतात, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमनं भरलेले. वायूचा तप्त ढग निवताना सर्वांत आधी घट्ट झालेले पदार्थ ते हेच. त्यांचं वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षं. आम्ही सूर्यमालेचा शून्य क्षण तिथे धरतो. मुलं विचारतील, मग ४५४ की ४५६.७? पृथ्वीला एक अशी जन्मतारीख नाही. शून्य क्षणापासून ती वाढत गेली, आणि ती वाढ पुरी व्हायला तीन ते दहा कोटी वर्षं लागली. कुठल्या टप्प्याला जन्म म्हणायचं त्यावर आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

आता 'आदळून आदळून' या प्रश्नाकडे येतो. उत्तर हो आहे, पण मुलांच्या डोळ्यांसमोर जे चित्र असतं तसं नाही. पृथ्वी नावाचा गोळा तयार होता आणि त्याच्यावर बाहेरून दगड येऊन पडत होते, असं झालं नाही. आदळणं हीच बनण्याची पद्धत होती.

सूर्याभोवती वायू आणि धुळीची चकती होती. अशा चकत्या आज इतर ताऱ्यांभोवती दिसतात. चिलीतल्या अल्मा दुर्बिणीनं २०१४ साली एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याभोवतीची चकती कड्यांसकट टिपली, ते चित्र वर्गात लावण्यासारखं आहे. धुळीचे कण चिकटत चिकटत खड्यांएवढे होतात इथवर सोपं आहे. पुढे गाडी अडते. मीटरभराचे धोंडे एकमेकांवर आपटून चिकटत नाहीत, फुटतात, आणि वायूच्या घर्षणानं सूर्याकडे ओढले जातात. या अडचणीनं आमच्या क्षेत्रातल्या लोकांना बरीच वर्षं छळलं. आज पटणारा मार्ग असा: वायूच्या ओघात खडे काही ठिकाणी दाटीनं गोळा होतात आणि ती सगळी गर्दी स्वतःच्याच गुरुत्वानं एकदम आत कोसळते. मधल्या पायऱ्या गाळून एकदम शेकडो किलोमीटरपर्यंतचे गोळे तयार होतात. यांना ग्रहबीजं म्हणू. आजचे लघुग्रह म्हणजे यांतलीच वाचलेली, किंवा पुढे टकरींत फुटून झालेले त्यांचे तुकडे.

या ग्रहबीजांच्या पोटात एक शेगडी होती. ॲल्युमिनियम-२६ हे किरणोत्सारी समस्थानिक, अर्धायुष्य फक्त सात लाख वर्षं. ते सुरुवातीच्या धुळीत मिसळलेलं होतं. जी ग्रहबीजं लवकर बनली त्यांच्यात ते भरपूर राहिलं आणि ती आतून वितळली. जी उशिरा बनली ती वितळण्याइतकी तापलीच नाहीत. वितळल्यावर काय होतं ते स्वयंपाकघरात दिसतं. लोणी कढवलं की बेरी तळाला बसते आणि तूप वर राहतं. इथे लोखंड आणि निकेल तळाला, म्हणजे केंद्राकडे गेलं आणि सिलिकेटचा हलका शिलारस वर राहिला. अशा गोळ्याला गाभा आला, त्याभोवती खडकाचं जाड प्रावरण आलं, पृष्ठभागावर लाव्हाही वाहिला. लोखंडी अशनी म्हणजे बहुतेक करून अशा फुटलेल्या गोळ्यांच्या गाभ्याचे तुकडे.

यात आपल्या भागाचा वाटा आहे, आणि तो शाळेत कुणी सांगत नाही. २० जून १९९६ रोजी राजस्थानात पाली जिल्ह्यात पिपलिया कलां इथे एक अशनी पडला. तो युक्राइट जातीचा, म्हणजे एखाद्या लघुग्रहावरच्या लाव्हाचा थिजलेला दगड. व्हेस्टा या मोठ्या लघुग्रहाशी या जातीचं नातं लावतात. अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेतल्या, म्हणजे पीआरएलमधल्या शास्त्रज्ञांना त्यात ॲल्युमिनियम-२६ च्या क्षयातून उरलेलं जादा मॅग्नेशियम मिळालं, आणि ते १९९९ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे ॲल्युमिनियम-२६ जिवंत असतानाच, पहिल्या काही दशलक्ष वर्षांतच, तो लघुग्रह वितळून त्यावर लाव्हा थिजलाही होता. ग्रहबीजांना तापवणारी शेगडी हीच असावी या कल्पनेला त्यातून बळ मिळालं. बडोद्याहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर झालेलं हे काम आहे.

न वितळलेल्याचं उदाहरण हवं असेल तर तेही गुजरातमध्येच आहे. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री सुरेंद्रनगर जिल्ह्यात धजाळा इथे दगडांचा पाऊस पडला. तुमच्या मुलांच्या आजी-आजोबांपैकी कुणाला त्या रात्रीचा आकाशातला उजेड आठवतही असेल, विचारायला सांगा. धजाळाच्या दगडात मिलिमीटरभराचे गोल दाणे आहेत. एकेकाळी हे अवकाशात तरंगणारे वितळलेले थेंब होते. पृथ्वी व्हायच्या आधीचे. त्यांच्यासमोर पावागडचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड, अगदीच पोरगेला.

ग्रहबीजांच्या टकरींतून पुढे चंद्र-मंगळाएवढे अर्धवट ग्रह झाले. मंगळ तिथेच थांबला असं दिसतं. तो अवघ्या काही दशलक्ष वर्षांत झाला आणि मग वाढलाच नाही. पृथ्वीच्या वाट्याला मात्र अर्धवट ग्रहांच्या आणखी टकरी आल्या. शेवटची मोठी टक्कर साधारण मंगळाएवढ्या गोळ्याशी झाली आणि त्यातून उडालेल्या मालाचा चंद्र झाला. ही कल्पना १९७५ च्या सुमारास पुढे आली, अपोलोच्या दगडांचा अभ्यास सुरू झाल्यावर. तपशिलांवर अजून वाद चालू आहेत. चंद्रावरच्या दगडांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण पृथ्वीशी इतकं का जुळतं, हा त्यातला सगळ्यात चिवट मुद्दा. पण चंद्राचा दुसरा कुठलाही जन्म मला याहून पटत नाही.

मुलांना एक आकडा जरूर द्या. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात आज जेवढे लघुग्रह आहेत ते सगळे एकत्र केले तरी वस्तुमान चंद्राच्या तीन टक्क्यांच्या आसपास भरतं. त्यातला तिसरा हिस्सा सर्वांत मोठ्या, एकट्या सेरेसचा. आणि पृथ्वी म्हणजे ८१ चंद्र. तेव्हा आजच्या लघुग्रहांतून पृथ्वी झाली असं म्हणता येत नाही. त्यांच्यासारख्याच, पण आता शिल्लक नसलेल्या गोळ्यांतून ती झाली. 'मग ते गेले कुठे?' याचं उत्तर: बरेचसे तुमच्या पायाखाली आहेत. बाकीचे सूर्यात पडले किंवा गुरूनं सूर्यमालेबाहेर भिरकावले.

तो पट्टा म्हणजे फुटलेला ग्रह, असं अजूनही ऐकू येतं. १८०१ साली खगोलशास्त्रज्ञ पियाझींना सेरेस दिसला आणि पुढच्या काही वर्षांत त्याचे भाऊबंद सापडू लागले, तेव्हा ही कल्पना निघाली. ती आता टिकत नाही. एक तर माल पुरत नाही. दुसरं म्हणजे अशनींची रसायनं इतकी वेगवेगळी आहेत, की ती एका घरची असणं शक्य नाही. गुरू लवकर मोठा झाला आणि त्याच्या ओढीनं तिथल्या गोळ्यांचे वेग एवढे वाढले, की आदळल्यावर ते जुळण्याऐवजी फुटू लागले. तिथे ग्रह फुटला नाही, तो झालाच नाही.

आता पाणी. इथे मी हात जरा आखडता घेतो. 'पाणी धूमकेतूंनी आणलं' हे वाक्य वह्यांमधून काढून टाकावं. हायड्रोजनचा जड भाऊ ड्युटेरियम. त्याचं साध्या हायड्रोजनशी प्रमाण ही पाण्याची ओळख. रोझेटा यानानं ६७पी या धूमकेतूवर ते मोजलं, तर आपल्या समुद्राच्या तिप्पट निघालं. काही धूमकेतूंचं प्रमाण जुळतं, पण सगळा भार त्यांच्यावर टाकता येत नाही. कार्बनयुक्त लघुग्रहांचं पाणी बरंच जुळतं, म्हणून बरीच वर्षं बोट त्यांच्याकडे होतं, आणि त्यांचा वाटा असणारच. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ च्या सप्टेंबरात १२१.६ ग्रॅम माती पृथ्वीवर आली. तिच्यात पाण्यानं बदललेली खनिजं, खाऱ्या पाण्याच्या आटण्यातून उरलेले क्षार आणि अमिनो आम्लं मिळाली. पण २०२० साली एन्स्टॅटाइट काँड्राइट या कोरड्या समजल्या जाणाऱ्या अशनींत अपेक्षेपेक्षा पुष्कळ हायड्रोजन सापडला. समुद्र अनेकदा भरतील एवढा. आणि समस्थानिकांच्या हिशेबात पृथ्वीशी सगळ्यात जास्त मेळ याच दगडांचा बसतो. मग पाण्याचा मोठा भाग कुणी बाहेरून आणायची गरजच उरत नाही, तो पहिल्यापासून मालातच होता. माझा कौल आज या बाजूला झुकतो. मुलांना दोन्ही शक्यता सांगा आणि समुद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या ०.०२३ टक्केच आहे हेही सांगा. एवढ्याशा पाण्यासाठी फार मोठ्या पुरवठ्याची गरज नव्हती.

एन्स्टॅटाइटवरून आठवलं. १७ ऑगस्ट २०२२ रोजी बनासकांठा जिल्ह्यात दियोदरजवळ अशनी पडला, त्यातला एक तुकडा कडुनिंबावर आपटून फुटला. तो ऑब्राइट जातीचा, मुख्यतः एन्स्टॅटाइट या खनिजाचाच, पण वितळून पुन्हा थिजलेल्या गोळ्यातला. या जातीचा दगड भारतात याआधी १८५२ साली उत्तर प्रदेशात बस्ती इथे पडला होता.

सोन्याची गोष्ट मुलांना हमखास आवडते. सोनं आणि प्लॅटिनम लोखंडाच्या संगतीनं जातात. पृथ्वीचा गाभा झाला तेव्हा ते जवळजवळ सगळं खाली जायला हवं होतं. तरी प्रावरणात ते अपेक्षेपेक्षा जास्त आहे. सरळ स्पष्टीकरण असं, की गाभा झाल्यानंतरही दगड पडत राहिले. एकूण वस्तुमानाच्या साधारण अर्धा टक्का. सराफाच्या दुकानातलं सोनं मोठ्या प्रमाणात त्या उशिराच्या मालातलं आहे.

पावागडावर खरोखर बोलण्यासारखं जे आहे ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं. मेक्सिकोत चिक्शुलूब इथे सुमारे दहा किलोमीटरचा लघुग्रह आदळला आणि डायनोसॉर संपले, हे मुलांना माहीत असतं. त्याच काळात इथे हा लाव्हा वाहत होता. बडोद्याहून तासा-दोन तासांवर बालासिनोरजवळ रैयोलीला डायनोसॉरची अंडी आणि हाडं मिळाली आहेत. कच्छमध्ये अंजारला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात इरिडियम मिळालं. पृथ्वीच्या कवचात ते विरळ आणि अशनींत भरपूर असतं. ते नेमकं त्याच टकरीचं का, यावर नंतर वाद झाले. पण मुलं 'लघुग्रह आपटला म्हणून लाव्हा आला' असं लिहितील, ते खोडा. दख्खनचा लाव्हा त्या टकरीच्या आधीच सुरू झाला होता. टकरीनं त्याला जोर चढला का, हा वेगळा आणि अजून न मिटलेला वाद आहे.

आणि सहलीत एक गोष्ट नक्की घडेल. कुणीतरी काळा जड दगड आणून 'बाई, हा अशनी का?' असं विचारेल. माझ्याकडे आलेल्या दगडांत बहुतेक बेसाल्ट असायचे, नाहीतर भट्टीतली मळी. अंगाला बुडबुड्यांची भोकं असली तर अशनी नाही, पावागडचा बराच बेसाल्ट तिथेच बाद होतो. नुसतं लोहचुंबक चिकटलं म्हणून हुरळू नये, बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. टाइलच्या खरखरीत मागच्या बाजूवर घासून पाहा. ठळक काळी किंवा लाल रेघ उठली तर तो बहुधा मॅग्नेटाइट किंवा हेमाटाइट हे दुसरं लोहखनिज. ताज्या अशनीवर कागदासारखी पातळ जळकी साल असते, आतला रंग फिका, आणि फुटलेल्या कडेला धातूचे चमकते ठिपके. दियोदरसारखा दगड मात्र आतून पांढुरका, धातू नावापुरता, चुंबकाला दाद न देणारा. त्यानं या सगळ्या खुणांना चकवलं असतं.

खरंच कधी पडताना दिसला आणि हाती लागला, तर चुंबक अजिबात लावू नका. त्याच्यातलं जुनं चुंबकत्व पुसलं जातं. धुऊ नका, हळद-कुंकू वाहू नका, स्वच्छ ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा. पडल्याची वेळ आणि जागा लिहून ठेवा आणि त्याच दिवशी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला किंवा अहमदाबादच्या पीआरएलला कळवा. अवकाशातल्या किरणांनी त्यात बनलेली काही समस्थानिकं काही तासांत निम्मी होतात, सोडियम-२४ चं अर्धायुष्य १५ तासांचं आहे, म्हणून सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत थांबू नका.